माळावरचं खाजगी रान राखताना

जमीन सोलापूरजवळच्या नान्नजच्या, म्हणजे माळढोक पक्षी अभयारण्याच्या बाजूची असेल, तर रोपं आणण्याआधी माती किती खोल आहे ते पाहा. तीन-चार ठिकाणी मीटरभर खोल खड्डा घ्या. वीतभर मातीखालीच कठीण मुरूम लागला, तर तिथे साग लावूच नका. मुळं अडतात, झाड खुरटतं. तो भाग गवताला सोडा. काळवीट आणि माळढोकला मोकळा माळच लागतो. तिथे झाडी वाढवणं म्हणजे त्यांचं घर मोडणं. माळावर गिरीपुष्प (ग्लिरिसिडिया) तर अजिबात नको, त्याच्या सावलीत गवत मरतं.

लाकूड ओढ्याकाठच्या खोल मातीत घ्या. कडुनिंब, बाभूळ 4 बाय 4 मीटरवर बसवा. 45 सेंटिमीटरचे खड्डे मे महिन्यात खणून तापू द्या आणि दमदार पाऊस झाल्यावरच रोप लावा. खालच्या फांद्या अंगठ्याएवढ्या असतानाच करवतीने काढा. बुंध्यापाशी फुगीर कडं असतं, त्याच्या बाहेरून कापा. कडं कापलं की जखम लवकर भरत नाही. कुऱ्हाडीने साल फाटते, कूज आत शिरते आणि फळी पोकळ निघते. एका वेळी झाडाच्या खालच्या तिसऱ्या भागापेक्षा वर छाटू नका. ढोलीचं जुनं झाड मात्र उभं राहू द्या, पिंगळ्याला, म्हणजे छोट्या घुबडाला, तेच हवं असतं.

गवत बी झडल्यावर कापा, तेही तिसरा हिस्सा राखून. उन्हाळ्याआधी बांधालगत जाळपट्टा, म्हणजे आग अडवणारी गवत काढलेली पट्टी, काढा. तोडीच्या आधी सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे का ते तपासा आणि परवानगी कोणत्या झाडांना लागते, हे वनखात्यात विचारून घ्या.