नाशिकच्या आमच्या द्राक्ष बागायतदार गटात उपयोगी लिंका व्हॉट्सअ‍ॅपवर वाहून जातात. त्या एकत्र जपायला कोणती साइट वापरावी?

रेनड्रॉप वापरा, फुकट खात्यात हव्या तेवढ्या लिंका ठेवता येतात आणि संग्रह सार्वजनिक केला की बाकीच्यांना खातं न उघडताही तो बघता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला सकाळी येतो आणि संध्याकाळपर्यंत शुभेच्छांखाली गाडला जातो. रेनड्रॉपवर तो टॅग, म्हणजे विषयाची खूणचिठ्ठी, लावून ठेवता येतो. खरी गोम या टॅगमध्येच आहे. भुरी, डाऊनी, खरड छाटणी, ऑक्टोबर छाटणी, लासलगाव भाव असे दहा-बारा टॅग आधीच ठरवा. नाहीतर एक जण ‘डाऊनी’ लिहितो, दुसरा त्याच रोगाला ‘केवडा’, आणि शोधताना अर्ध्या लिंका सापडतच नाहीत. भर घालायचा अधिकार दोघा-तिघांनाच द्या, बाकीच्यांनी वाचावं. निफाड-दिंडोरीकडच्या एका गटाचा संग्रह मी याच पद्धतीने सांभाळतो, म्हणून ठामपणे सांगतोय.

मात्र फुकट खात्यातल्या बुकमार्कमध्ये, म्हणजे जपलेल्या लिंकमध्ये, फक्त पत्ता जपला जातो, पान नाही. मूळ साइटने पान काढलं की लिंक मेली. महत्त्वाचं पान वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या साइटवरही साठवा, ते फुकट आहे. शिवाय या सेवा स्वतःही बंद पडतात: २००३ साली सुरू झालेली डिलिशस २०१७ मध्ये विकली गेली आणि तिथे नवी लिंक ठेवणं थांबलं, तर मोझिलाने पॉकेट जुलै २०२५ मध्ये बंद केलं. त्यामुळे दर हंगामाला संग्रह एचटीएमएल फाइलमध्ये उतरवून घ्या. ती फाइल कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते.