बायबलमधल्या कमी परिचित संदेष्ट्यांचा अभ्यास कुठून सुरू करावा?

होशेयपासून मलाखीपर्यंतची या संदेष्ट्यांची बारा पुस्तकं दोनदा वाचायला घेतली आणि दोन्ही वेळा मध्येच सोडली, असं तुम्ही लिहिलंय. माझंही असंच झालं होतं, कारण मी क्रमानं वाचत होतो. क्रम सोडा आणि आमोस घ्या.

आमोस तकोवाचा मेंढपाळ, उंबराच्या जातीच्या झाडांची निगा राखणारा. दक्षिणेच्या यहूदा राज्यातला हा माणूस उत्तरेच्या इस्राएल राज्यात जाऊन बोलतो, तेही दुसऱ्या यराबामाच्या भरभराटीच्या काळात, इ.स.पू. आठव्या शतकात. आधी बायबलमधल्याच ‘२ राजे’ या पुस्तकातली १४:२३-२९ एवढी सात वचनं वाचा. राज्याच्या सीमा वाढल्यात, राजा बलाढ्य आहे. मग आमोसाचा आठवा अध्याय उघडा: धान्याचं माप लहान केलेलं, तराजू खोटा, जोड्यांच्या मोबदल्यात गरिबाला विकत घेतलं जातंय. ती भरभराट कुणाच्या जिवावर होती ते तिथं कळतं. बेथेलचा याजक अमस्या त्याला ‘यहूदात परत जा, तिथंच भाकर खा’ म्हणून का हाकलतो, हेही. राजा कोण आणि बोलणी कुणाला बसताहेत, हे आधी शोधायची सवय मला इथंच लागली.

नंतर हाग्गय. दोनच अध्याय, ३८ वचनं, आणि संदेशांवर चक्क तारखा: पर्शियाच्या दारयावेश राजाचं दुसरं वर्ष, म्हणजे इ.स.पू. ५२०. सोबत एज्राच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय ठेवा, तो त्याच काळातला आहे. ओबद्या २१ वचनांचाच असला तरी शेजारच्या अदोम राष्ट्राचं यहूदाशी असलेलं वैर माहीत नसताना हाती लागत नाही; तो मागे ठेवा. (या बारांना ‘लहान’ म्हणतात ते फक्त लांबीमुळे. यहुदी परंपरेत ते सगळे मिळून एकच पुस्तक आहे.)

मीखा वाचलात की लगेच नंतरच्या काळातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २६ वा अध्याय वाचा. मला तो सगळ्यांत जवळचा. यिर्मयाला ठार मारा म्हणून याजक ओरडताहेत, आणि काही वडीलजन उठून मीखाचे जुने शब्द म्हणून दाखवतात: सियोन (म्हणजे यरुशलेम) शेतासारखी नांगरली जाईल. हिज्कीया राजानं तेव्हा मीखाला मारलं नव्हतं, हे ते आठवण करून देतात. पुढं राजदरबारातला अहीकामही यिर्मयाच्या पाठीशी उभा राहतो आणि यिर्मयाचा जीव वाचतो.

त्याच अध्यायात उरीया नावाचा आणखी एक संदेष्टा भेटतो. संदेश यिर्मयासारखाच. तो मिसरात (इजिप्तमध्ये) पळाला, यहोयाकीम राजानं माणसं पाठवून त्याला धरून आणलं आणि तलवारीनं मारलं. त्याच्या नावाचं पुस्तक नाही, फक्त चार वचनं आहेत, २० ते २३. तीही तुमच्या यादीत घ्या.