फोटो दाखवण्याआधी आणि दाखवल्यावर

प्रिय,

एकाच प्रसंगाचे दहा-बारा फोटो पाठवून "कसे आलेत?" असं विचारलंस, तर उत्तर "मस्त" एवढंच येणार. निवड तुझी तूच कर. एक फोटो, फार तर दोन. आणि प्रश्न नेमका विचार: "खिडकीचा उजेड एकाच गालावर आहे, दुसरी बाजू जास्त काळी पडली का?" यावर बोलता येतं.

सोबत शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं होतं), अॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं होतं), आयएसओ (उजेडाला किती संवेदनशील ठेवलं होतं) आणि फोकल लेंथ (लेन्सचे मिमी) दे. ही माहिती फाइलच्या एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोसोबत साठवलेल्या नोंदीत असते, पण व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि एक्झिफ गळून पडतं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव, मूळ फाइल जशीच्या तशी पोचेल. मात्र जीपीएस चालू असेल तर घराचा ठावठिकाणाही सोबत जातो. अनोळखी लोकांना दाखवायचं असेल तर तेवढा काढून टाक.

आकडे लागतात ते मुख्यतः ब्लरसाठी. "ब्लर आहे" एवढं म्हणून काहीच कळत नाही. फोटो १०० टक्क्यांवर उघड. सगळ्या कडा एकाच दिशेला ओढल्यासारख्या दिसल्या तर कॅमेरा हललाय. मागची भांडी स्वच्छ आणि ढवळणारा हात तेवढा पुसट, तर शटर त्या हालचालीला कमी पडलं. डोळे धूसर पण कान शार्प, तर फोकस चुकलाय. फोकसचा सिंगल पॉइंट (एकच बिंदू) निवडून जवळच्या डोळ्यावर ठेव. पहिल्या दोन्हींत शटर जास्त वेगवान करायचं, पण किती ते वेगवेगळं. एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स म्हणजे दीडपट धरून ७५. हातात धरून शटर साधारण सेकंदाच्या १/७५, म्हणजे निदान १/८० हवं. स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) असेल तर याहून कमीवरही निभावतं, पण धावणारं पोर त्याने थांबत नाही, तिथे १/५०० लाव. उजेड कमी पडला तर आयएसओ बिनधास्त ३२०० कर. नॉइज (फोटोतले दाणे) चालतो, हललेला फोटो मागाहून धड होत नाही.

पाठवायची प्रत लांब बाजूला २०४८ पिक्सेल, जेपेग क्वालिटी ८५ आणि एसआरजीबीमध्ये (स्क्रीनसाठीच्या नेहमीच्या रंगपद्धतीत) काढ. शार्पनिंग (कडा ठळक करणं) आकार लहान केल्यावर. अॅडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीतला फोटो काही अॅपमध्ये फिका दिसतो, आणि मग तुझ्या फोटोत नसलेल्याच दोषावर चर्चा रंगते.

दुसऱ्याच्या फोटोवर बोलताना जागा दाखव. "मागे डावीकडे असलेला पांढरा डबा नजर ओढतो, एक पाऊल उजवीकडे सरकून काढला असता तर तो माणसाआड गेला असता." हे करून बघता येतं. "रूल ऑफ थर्ड्स (चौकटीचे तीन-तीन भाग करून विषय त्या रेषांवर ठेवायचा नियम) पाळला नाही" हे बहुतेक वेळा बोलायला काही नसलं की बोलतात. क्रॉप करून दाखवायचं असेल तर आधी विचार, आणि मूळ फोटो शेजारी ठेव.