रोज सकाळी चमचाभर दालचिनी घेतल्याने शुगर खरंच उतरते का?

तुमचे वडील दोन महिने अनशापोटी कोमट पाण्यातून चमचाभर दालचिनी पूड घेताहेत, फास्टिंग खाली आलंय आणि आता "गोळी बंद करून बघतो" म्हणताहेत, असं तुम्ही लिहिलंय. गोळी बंद करू देऊ नका. बाकीचं जरा सविस्तर सांगते, कारण हे सगळं आमच्या घरी होऊन गेलंय.

मी ठाण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते. सकाळी सात वाजल्यापासून फास्टिंगवाल्यांची रांग असते आणि दंडाला पट्टा बांधेपर्यंत एखादे काका दालचिनीचा विषय काढतातच. आमचे सासरे, नाना, त्यातलेच. महिनाभरात त्यांचं फास्टिंग 148 वरून 121 वर आलं. नानांनी रिपोर्ट फ्रिजवर चिकटवला आणि कोणाला न सांगता रात्रीची गोळी सोडली. तीन महिन्यांनी एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) आलं 8.1, आधी 7.2 होतं. बरं, त्या पहिल्या महिन्यात ते रोज तलावपाळीला फेऱ्याही मारत होते आणि संध्याकाळची बिस्किटं बंद होती. पण श्रेय सगळं दालचिनीला.

आता संशोधनाचं. फॉरवर्डमध्ये फिरणारा मोठा आकडा बहुतेक 2003 सालच्या पाकिस्तानातल्या अभ्यासाचा असतो. टाइप 2 चे 60 रुग्ण, काहींना रोज 1, काहींना 3, काहींना 6 ग्रॅम दालचिनी, 40 दिवस. फास्टिंग 18 ते 29 टक्क्यांनी उतरलं. आकडा खोटा नाही. पण 2006 मध्ये नेदरलँड्सला पाळी गेलेल्या 25 मधुमेही बायकांना दीड ग्रॅम सहा आठवडे देऊन पाहिलं, तर काही फरक पडला नाही. 2012 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेने 10 चाचण्या, 577 माणसं एकत्र तपासून सांगितलं की मधुमेहासाठी दालचिनी घ्या म्हणण्याइतका पुरावा नाही. पुढच्याच वर्षी आणखी एका एकत्रित विश्लेषणात फास्टिंग सरासरी 25 मिलिग्रॅमने कमी दिसलं, एचबीए1सीमध्ये मात्र दखल घ्यावी असा फरक नाही.

इथे माझ्यासारखीचे कान टवकारतात. फास्टिंग म्हणजे त्या एका सकाळचा फोटो. आदल्या रात्री भात टाळून येणारे मी रोज बघते. एचबीए1सीला असं फसवता येत नाही, कारण लाल पेशी साधारण 120 दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिला चिकटलेली साखर त्यात मोजली जाते. त्या विश्लेषणातल्या चाचण्या 4 ते 18 आठवड्यांच्या होत्या, म्हणजे काही तर एचबीए1सी धड हलायच्या आतच संपलेल्या. म्हणून मी "दालचिनी काहीच करत नाही" असं म्हणणार नाही. 2024 मध्ये आलेल्या एका छोट्या अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 18 जणांना रोज 4 ग्रॅम देऊन दिवसरात्र सेन्सरने शुगर मोजली, तर ती थोडी कमी भरली. थोडी. गोळीची जागा घेण्याइतकी नाही.

मला खरी काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे: तुमच्या डब्यात नक्की काय आहे? नानांचा डबा संपला तेव्हा मी जांभळी नाक्याला गेले. दुकानदाराने आधी जाड, कडक, एकच वळण असलेल्या साली दाखवल्या, त्या म्हणजे तज, दालचिनीचाच स्वस्त प्रकार. सिलोन, म्हणजे श्रीलंकेकडची दालचिनी, मागितल्यावर आतून दुसरं पुडकं काढलं: कागदासारखे पातळ थर एकात एक गुंडाळलेले, बोटांनी चुरा होणारे. भाव ऐकून मी शंभर ग्रॅमच घेतली. पूड झाली की दोन्ही सारख्याच दिसतात आणि स्वस्त पूड बहुधा तजेचीच.

तजेत कुमारिन नावाचं नैसर्गिक रसायन असतं, किलोमागे साधारण 3 ग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमला 3 मिलिग्रॅम. सिलोनमध्ये ते नावापुरतं. युरोपात रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोला 0.1 मिलिग्रॅम धरतात, कारण काही जणांच्या लिव्हरला त्याचा त्रास होतो. नानांचं वजन 60, म्हणजे मर्यादा 6. त्यांचा शिगोशीग चमचा काट्यावर ठेवला तर 4 ग्रॅम भरला, म्हणजे रोज 12 मिलिग्रॅम. चार दिवस असं झालं तर काही बिघडत नाही, पण हे वर्षानुवर्षं करायचा बेत होता. (कुमारिनने रक्त पातळ होतं असं लोक सांगतात, तो गुण वॉरफेरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधासारख्या त्याच्या रासायनिक भाऊबंदांचा. तरी वडिलांना वॉरफेरिन चालू असेल तर हा चमचा डॉक्टरांच्या कानावर घालाच.)

पुलावातला, चहातला तुकडा या हिशोबात धरू नका, तो खुशाल चालू दे. वडिलांना पूड घ्यायचीच असेल तर सिलोन आणा, सपाट अर्धा चमचा, गोळी आहे तशी चालू. शेवटचं एचबीए1सी कधी झालं ते बघा. तीन महिने उलटून गेले असतील तर पुन्हा करा, आणि त्याच सुईत एसजीपीटीसाठीही (लिव्हरची तपासणी) रक्त द्या. पॅरासिटामॉल किंवा दारू यांपैकी काही नेहमीचं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, लपवू नका. नानांनी गोळी सोडल्याचं लपवलं होतं, आणि शुगरच्या गोळ्यांची अख्खी पट्टी मला त्यांच्या चष्म्याच्या डबीखाली सापडली.