कंपनीसाठी वापरलेले आर-44 हेलिकॉप्टर घ्यावे का?

आपण पाहिलेले आर-44 अकरा वर्षांचे असून जेमतेम 600 तास उडाले आहे, म्हणून ते स्वस्तात मिळते आहे असे आपण लिहिले आहे. परंतु ते बनवणाऱ्या रॉबिन्सन कंपनीच्या नियमानुसार या हेलिकॉप्टरचे संपूर्ण ओव्हरहॉल (सगळे उघडून तपासणे आणि झिजलेले भाग बदलणे) 2200 तास किंवा 12 वर्षे, यांपैकी जे आधी भरेल तेव्हा करावे लागते, त्यामुळे तो मोठा खर्च वर्षभरातच आपल्या माथी येईल. तो धरूनच किंमत ठरवावी. लॉगबुक (उड्डाणे व दुरुस्त्यांची नोंदवही) पहिल्या पानापासून वाचावे आणि मुख्य पात्यांच्या टोकांकडील पुढच्या कडेवरचा रंग उडून धातू उघडा पडला आहे का, हे स्वतः हात फिरवून पाहावे. दुसरी अडचण इंधनाची आहे: आर-44 च्या पिस्टन इंजिनाला लागणारे ॲव्हगॅस (विमानांचे खास पेट्रोल) भारतात मोजक्याच विमानतळांवर मिळते, तर आर-66, बेल 505 किंवा एच125 या हेलिकॉप्टरांची टर्बाइन इंजिने बहुतेक विमानतळांवर मिळणाऱ्या जेट-इंधनावर (एटीएफ) चालतात. शिवाय उंचीवर आणि उन्हात हवा विरळ होऊन हेलिकॉप्टरची ताकद कमी पडते; महाबळेश्वरसारख्या उंचीवर, एप्रिलच्या उन्हात, चौघांना घेऊन नियमित उडायचे असेल, तर मी आपल्याला टर्बाइनचाच आग्रह करीन.