थंडीतली सायकल आणि हृदयगतीचा आकडा : वाचकांचे प्रश्न

हृदयगती मोजणाऱ्या उपकरणांविषयीची पत्रे आमच्याकडे वर्षभर येतात. डिसेंबर-जानेवारीत मात्र त्यांचा सूर तक्रारीचा होतो. या वेळी त्यांपैकी काही पत्रांना उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मी घोडबंदर रस्त्यावर राहतो, वय ४१. पहाटे साडेपाचला निघून येऊरचा चढ करतो. थंडी सुरू झाल्यापासून छातीवरचा पट्टा पहिली पंधरा-वीस मिनिटे १९५, कधी चक्क २१५ असा आकडा दाखवतो. त्या वेळी मला दमही लागलेला नसतो. पुढे आकडा आपोआप ताळ्यावर येतो आणि उतारावर पुन्हा उसळी घेतो. सेल बदलून पाहिला, फरक पडला नाही. नवा पट्टा घ्यावा का?
– एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : एवढ्यात घेऊ नये. खराब झालेला पट्टा वीस मिनिटांनी स्वतःहून सुधारत नाही. आपला सुधारतो, याचा अर्थ दोष बहुधा कोरड्या त्वचेचा आहे.

छातीवरचा पट्टा ठोके ऐकत नाही आणि रक्ताचा प्रवाहही पाहत नाही. प्रत्येक ठोक्याच्या वेळी हृदयाच्या स्नायूतून जी विजेची लहर जाते, तिचा त्वचेपर्यंत पोचणारा अंश, जो जेमतेम एखाद्या मिलिव्होल्टचा असतो, तो पकडतो. पट्टा उलटा करून पाहिल्यास आतल्या बाजूस दोन काळसर, किंचित खरबरीत भाग दिसतील. तेच त्याचे इलेक्ट्रोड. कोरडी त्वचा विजेला मोठा विरोध करते आणि ओलसर, त्यातही खारट ओलीने भिजलेली त्वचा तिला वाट देते. मे महिन्यात आपण सोसायटीच्या फाटकापर्यंत पोचण्याआधीच पाठ भिजलेली असते, त्यामुळे हा प्रश्न कधी उद्भवतच नाही. जानेवारीच्या पहाटे पारा पंधरा-सोळा अंशांवर असताना घाम सुटायलाच पंधरा-वीस मिनिटे लागतात, आणि नेमका तेवढाच वेळ आपला आकडा बिघडलेला असतो.

आकडा कमी न दाखवता भलताच जास्त का दाखवतो, याचे कारण कपड्यांत आहे. पॉलिएस्टरची सैल जर्सी किंवा विंडचीटर वाऱ्याने फडफडून अंगावर घासले की स्थिर विद्युत निर्माण होते. ठाण्याच्या दमट हवेत ती टिकत नाही. उत्तरेकडचे कोरडे वारे सुरू झाले की टिकते. हृदयाचा संदेश आधीच क्षीण पोचत असतो, त्यात हे बारीक झटके मिसळतात आणि यंत्र त्यांनाही ठोके समजून मोजते. येऊरहून उपवनकडे उतरताना पायांना काम नसते, वेग चाळीसच्या घरात जातो, जर्सीचा शिडासारखा फुगवटा होतो आणि वाऱ्याने छातीवरचा घामही सुकतो. उतारावर येणारी दुसरी उसळी त्याचीच आहे.

उपाय साधा आहे. पट्टा बांधण्यापूर्वी दोन्ही इलेक्ट्रोड नळाच्या पाण्याने चांगले भिजवावेत, आणि ते टेकतात तेथील त्वचाही ओली करावी. नुसता ओला हात फिरवून भागत नाही, कारण तेवढे पाणी खाली उतरेपर्यंत सुकते. ज्यांना लांबचा पल्ला गाठायचा आहे, त्यांनी ईसीजी काढताना लावतात ती जेल वापरावी. ती औषधांच्या दुकानात मिळते आणि पाण्यापेक्षा बराच जास्त वेळ टिकते. पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, दीर्घ श्वास घेता येईल पण जागचा सरकणार नाही इतका घट्ट हवा. त्यावर अंगाला चिकटून बसणारा एक आतला कपडा घालावा, म्हणजे वरची जर्सी कितीही फडफडली तरी पट्ट्याशी तिचा संबंध येत नाही.

एक गोष्ट पत्रलेखक सहसा कळवत नाहीत, म्हणून येथे आवर्जून विचारतो : आंघोळीनंतर आपण अंगाला खोबरेल तेल किंवा लोशन लावता का? थंडीत अंग उलू नये म्हणून आपल्याकडे घरोघरी ते लावले जाते, आणि त्याला आमची काहीच हरकत नाही. मात्र तेल विजेला अडवते. तेलाच्या थरावर ओला पट्टा बांधूनही आकडा भरकटू शकतो. छातीचा तेवढा भाग साबणाने धुऊन कोरा ठेवला तरी पुरे.

हे सर्व करूनही तक्रार राहिली, तर मग पट्ट्याकडे पाहावे. वाळल्यावर इलेक्ट्रोडच्या कडेने पांढरी रेघ दिसत असेल, तर ते घामातले मीठ आहे. प्रत्येक फेरीनंतर पट्टा साध्या पाण्याने खळबळावा, आठवड्यातून एकदा सौम्य साबणाने हाताने धुवावा आणि सावलीत वाळवावा. पट्ट्याच्या मध्यभागी जोडलेला, आकडा पाठवणारा सेन्सर काढून ठेवण्यास विसरू नये, कारण ओल्या पट्ट्याला जोडलेला सेन्सर आपण अजून सायकलवरच आहोत अशा समजुतीत चालू राहतो आणि सेल उगाच संपतो. कापडी पट्टा कालांतराने झिजतोच. तेव्हाही बहुतेक वेळा नुसता पट्टा बदलून भागते, सेन्सर बदलावा लागत नाही.

थंडी हा या यंत्राचा शत्रू आहे, असा समज मात्र करून घेऊ नये. फिनलंडच्या पोलार कंपनीने १९८२ साली बिनतारी हृदयगतीमापक बाजारात आणला. त्यामागची मूळ गरज बर्फावर स्की करणाऱ्या खेळाडूंची होती, आणि तेथील थंडीपुढे आपली जानेवारीची पहाट म्हणजे उन्हाळाच. ओल मिळाली की पट्टा थंडीतही चोख काम करतो.

आता थोडे गंभीरपणे. आकडा खोटा आहे असे गृहीत धरण्यापूर्वी एकदा रस्त्याच्या कडेला थांबून मनगटावरची नाडी पंधरा सेकंद मोजावी आणि चाराने गुणावे. अधिक वेळ मोजू नये, कारण थांबताच गती झपाट्याने उतरू लागते. खोट्या आकड्याची खूण अशी की, तो एका क्षणात ११० वरून २०० वर उडी घेतो, तेथे सपाट राहतो आणि तसाच कोसळतो. श्रमाने वाढणारी हृदयगती अशी उड्या मारत नाही. परंतु नाडीही तितकीच धावत असेल, किंवा आकड्याबरोबर धडधड, चक्कर, छातीत दडपण यांपैकी काही जाणवत असेल, तर पट्टा, पाणी, जर्सी हे सारे विसरून डॉक्टरांकडे जावे. ठोक्यांची लय बिघडण्याच्या काही विकारांतही गती अशीच एकाएकी चढते, आणि पट्ट्यावरून त्यांचे निदान होत नाही.

प्रश्न : मी नेरूळला राहते आणि पाम बीच मार्गावर सायकल चालवते. माझ्याकडे मनगटावरचे स्मार्टवॉच आहे. थंडीत ते मला ९५-१०० ठोके दाखवते, तेव्हा माझ्या मैत्रिणीच्या छातीवरच्या पट्ट्यावर १४० असतात. आम्ही दोघी एकाच वेगाने जात असतो आणि मला बोलताना धापही लागत असते, म्हणून हा आकडा संशयास्पद वाटतो. घड्याळही ओले करून पाहावे का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : नको, ते यंत्र निराळे आहे. दोन व्यक्तींचे आकडे एकमेकींशी ताडून पाहण्यातही अर्थ नसतो, कारण एकाच वेगाला प्रत्येकीची हृदयगती वेगळी असू शकते. तरीही बोलताना धाप लागत असताना ९५ हा आकडा संशयास्पद आहे, हे आपले म्हणणे रास्त आहे.

घड्याळाच्या पाठीमागचे हिरवे दिवे त्वचेत प्रकाश सोडतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्यासरशी त्वचेतले रक्त किंचित वाढते व ओसरते, म्हणून परत येणारा प्रकाशही तसाच कमी-अधिक होतो, आणि त्यावरून घड्याळ ठोके मोजते. थंडीत शरीर आतली ऊब राखण्यासाठी हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आकसून घेते. हवा सतरा अंशांची असली, तरी खाडीवरून येणारा वारा आणि सायकलचा स्वतःचा वेग यांमुळे हँडलवरचे उघडे मनगट फार लवकर गार पडते. त्वचेत रक्तच कमी फिरत असेल, तर घड्याळाने मोजायचे काय? त्यात हँडल घट्ट धरल्याने मनगट वाकलेले राहते, रस्त्याचे हादरे थेट घड्याळापर्यंत पोचतात आणि पट्टा सैल असेल तर फटीतून बाहेरचा उजेडही आत शिरतो.

घड्याळ मनगटाच्या हाडावरून दोन बोटे वर सरकवावे, एरवीपेक्षा एक भोक घट्ट बांधावे आणि त्यावर पूर्ण बाहीचा कपडा असू द्यावा. घरातून निघण्यापूर्वी दहा मिनिटे जागच्या जागी हालचाल करून हात उबदार करून घेतल्यास सुरुवातीचा भरकटलेला काळ बराच आटोक्यात येतो. एवढे करूनही थोड्या वेळाच्या जोरदार धावांसाठी मनगटावरच्या घड्याळावर विसंबू नये, असे आमचे मत आहे. चढ संपत आल्यावर त्याला चढ सुरू झाल्याचे कळते. छातीवरचा पट्टा नकोसा वाटत असेल, तर दंडावर बांधायचा प्रकाश-सेन्सर हा मधला मार्ग आहे. दंड बाहीखाली उबदार राहतो, वाकत नाही आणि त्याला हादरेही कमी बसतात.

प्रश्न : वय ५६. खारघरच्या टेकडीचा तोच रस्ता मी मे महिन्यातही चढत होतो आणि आताही चढतो. तेव्हा १५५ पर्यंत जाणारा आकडा आता १३५ च्या वर जात नाही. पट्टा भिजवून बांधतो, नाडीही मोजून पाहिली, आकडा खरा आहे. माझी तब्येत सुधारली असे समजावे का? दरम्यान रक्तदाबाची गोळी सुरू झाली आहे, हेही कळवतो.
– एक वाचक, खारघर

उत्तर : आपण शेवटी कळवलेली गोष्ट आधी पाहायला हवी. रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी बीटा-ब्लॉकर या गटातल्या गोळ्या हृदयगती मुद्दाम खाली ठेवतात. श्रम कितीही केले तरी आकडा पूर्वीइतका चढत नाही. आपली गोळी त्या गटातली आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. असेल, तर जास्तीत जास्त हृदयगतीचा अंदाज देणाऱ्या ‘२२० वजा वय’ या सूत्रावर आखलेले सरावाचे सारे टप्पे आपल्यासाठी निरुपयोगी ठरतात. ते सूत्र तसेही ढोबळच आहे. धडधाकट माणसांतही त्यात दहा-बारा ठोक्यांची तफावत सहज पडते. अशा वेळी चढावर आपल्याला पूर्ण वाक्य बोलता येते का, हीच कसोटी धरावी. आकडा वाढावा म्हणून गोळी मनाने बंद करू नये, कारण बीटा-ब्लॉकर एकाएकी थांबवणे धोक्याचे असते.

गोळी त्या गटातली नसली, तरी काही फरक हवामानाचा असणारच. उन्हाळ्यात हृदयाला स्नायूंना रक्त पुरवायचे असते आणि अंग गार ठेवण्यासाठी त्वचेकडेही पाठवायचे असते. शिवाय घामावाटे पाणी गेल्याने रक्तातला द्रव घटतो, प्रत्येक ठोक्यात कमी रक्त बाहेर पडते आणि ती तूट ठोके वाढवून भरून काढावी लागते. थंडीत हा दुहेरी भार नसतो. म्हणून मे आणि जानेवारी यांची तुलना करून तब्येतीचा निष्कर्ष काढू नये. या जानेवारीची गाठ पुढच्या जानेवारीशी घालावी, तीही त्याच वेळी, त्याच रस्त्यावर आणि चढायला लागलेला वेळ सोबत नोंदवून.

प्रश्न : ऐरोलीजवळ उच्च दाबाच्या तारांखालून जाताना माझ्या सायकलच्या जुन्या मीटरवर हृदयगती भलतीच दिसते. हाही थंडीचाच परिणाम का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : नाही. जुने पट्टे सुमारे पाच किलोहर्ट्झच्या साध्या चुंबकीय लहरींवर आकडा पाठवत, आणि विजेच्या मोठ्या वाहिन्यांजवळ त्यांचा गोंधळ उडे. पावसाळ्यातही आपल्याला हेच दिसेल. आताचे ब्लूटूथ किंवा अँट-प्लस या बिनतारी पद्धतींचे पट्टे २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. त्यांना तारांचा त्रास होत नाही, मात्र मोबाईल जर्सीच्या मागच्या खिशात असेल तर मधले शरीर लहरी अडवते. मीटर हँडलवर असेल तर तीही अडचण नाही.

प्रश्न : आम्ही ठाण्यातले काही मित्र जुलैमध्ये सायकलने मनाली ते लेह आणि पुढे खारदुंग लापर्यंत जाणार आहोत. तेथे पट्टा चालेल का? काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, ठाणे (पूर्व)

उत्तर : पट्टा चालेल, तो कपड्यांच्या आत, अंगाच्या उबेत असतो, त्यामुळे त्यातल्या नाण्याएवढ्या सेलला थंडी फारशी लागत नाही. तेथील हवा आपल्या कल्पनेपलीकडे कोरडी असते आणि घाम सुटताच उडून जातो, म्हणून पाण्यावर न विसंबता जेल सोबत न्यावी व दुपारच्या थांब्यावर पुन्हा लावावी.

आकड्याचा अर्थ मात्र तेथे बदलतो. विरळ हवेत तेवढ्याच श्रमाला हृदय अधिक वेगाने धावते, आणि उलट जास्तीत जास्त गाठता येणारी गती खाली येते. म्हणजे येऊरला ठरवलेले टप्पे मनाली-लेह रस्त्यावरच्या, ५,३०० मीटरांहून उंच असलेल्या तांगलांग ला या खिंडीत लागू होत नाहीत. (खारदुंग लाची उंचीही सुमारे ५,३५९ मीटरच, म्हणजे साधारण १७,६०० फूट आहे, तेथील फलकावर वर्षानुवर्षे मिरवलेला १८,३८० फुटांचा आकडा फोटोपुरता ठीक.) सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या मोजलेली हृदयगती रोज वहीत लिहावी, ती दिवसागणिक चढतच असेल आणि सोबत डोकेदुखी व मळमळ असेल, तर पुढची खिंड त्या दिवशी चढू नये. छातीवरचा पट्टा विरळ हवेचा आजार ओळखत नाही, हे गटातल्या प्रत्येकाला निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे.

थंडीचा खरा फटका हँडलवर उघड्यावर असलेल्या मोबाईलला बसतो. पहाटे त्याची बॅटरी निम्मी दिसत असतानाच तो बंद पडू शकतो, आणि हृदयगतीची नोंद मोबाईलच्या ॲपवर होत असेल तर तीही तेथेच तुटते. मोबाईल आतल्या खिशात, पुढच्या बाजूला ठेवावा, रात्री पांघरुणात घ्यावा, आणि पट्ट्यासाठी सीआर २०३२ जातीचे, नाण्याएवढे दोन राखीव सेल ठाण्यातूनच घेऊन निघावे.