शरदातली गोड कॉफी: मसाला पाकात घाला

भोपळा-मसाल्याच्या किंवा कॅरमेलच्या चवीची कॉफी घरी केली की ती नुसतीच गोड लागते, तळाशी दालचिनीचा चिकट गाळ साचतो आणि परवा तर आले घातल्यावर दूधही फाटले, अशी आपली तक्रार आहे. या तिन्ही चुका मी स्वतः केलेल्या असल्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

गाळाचे कारण सरळ आहे. दालचिनीची पूड विरघळत नाही. गरम द्रवात ती फुगून बुळबुळीत होते आणि शेवटचे दोन घोट टाकून द्यावे लागतात. त्यामुळे मसाला कपात न घालता आधी पाकात उतरवून घ्यावा, आणि तो पाक साध्या साखरेचा न करता करपवलेल्या साखरेचा, म्हणजे कॅरमेलचा, करावा. 'नुसतेच गोड' या तक्रारीवरचा उपायही हाच आहे, कारण साखर तांबूस होईपर्यंत तापली की तिचा काही गोडवा कमी होऊन त्या जागी किंचित कडवट, खमंग चव येते आणि पेय मिठाईसारखे लागू लागते.

जाड बुडाच्या पातेल्यात २०० ग्रॅम साखर पाणी न घालता मंद आचेवर ठेवा. आधी कडा वितळतील. तेव्हा ढवळण्याचा मोह आवरून पातेले नुसते फिरवा. साधारण १७० अंश सेल्सिअसच्या आसपास रंग गडद मधासारखा होतो आणि वासातला कच्चेपणा जातो. धुराची पहिली रेघ दिसण्याआधी पातेले उतरवा, कारण तिथून जळकेपणापर्यंत काही सेकंदांचेच अंतर असते. आता २०० मिलिलिटर गरम पाणी हात लांब ठेवून, थोडे थोडे ओता. ते जोरात उसळेल, आणि साखरेचा काचेसारखा गोळा झाला तरी घाबरू नका, मंद आचेवर तो पुन्हा विरघळतो. मग दालचिनीचे दोन तुकडे, सुंठेचा एक तुकडा आणि तीनच लवंगा घालून दहा मिनिटे उकळा. लवंग जास्त झाली की कॉफीला दातांच्या औषधाचा वास येतो, हे मी अनुभवाने सांगतो. शेवटी किसलेले जायफळ आणि मिठाची चिमूट घालून पाक गाळा. मिठामुळे कॉफीचा कडवटपणा दबतो, म्हणून ती चिमूट वगळू नये. हा पाक फ्रिजमध्ये दोन आठवडे सहज टिकतो.

भोपळ्याचा गर हवाच असे नाही. स्टारबक्सने २००३ मध्ये आणलेल्या ज्या पेयामुळे ही चव जगभर माहीत झाली, त्यात २०१५ पर्यंत भोपळा नव्हताच. आपण जी चव ओळखतो ती भोपळ्याच्या 'पाय' या भाजलेल्या गोड पदार्थात पडणाऱ्या मसाल्यांची आहे. दाटपणासाठी गर घालायचा असल्यास दोन चमचे गर कच्चा वास जाईपर्यंत परतून पाकात मिसळा.

कॉफी मात्र दाट हवी, कारण पातळ कॉफीत पाक आणि दूध घातले की उरते ते मसालेदार गोड दूध. मोका पॉटमधली (शेगडीवर दाट कॉफी करण्याच्या भांड्यातली) ६० ते ८० मिलिलिटर कॉफी, १५० मिलिलिटर दूध आणि सुरुवातीला एकच मोठा चमचा पाक, हे प्रमाण मला जमले आहे. इन्स्टंट कॉफी असेल तर दोन चहाचे चमचे ६० मिलिलिटर गरम पाण्यात विरघळवा. हलक्या भाजणीच्या बिया इथे नकोत. त्यांचा आंबटपणा कॅरमेलशी भांडतो.

दूध फाटण्याविषयी माझा संशय ताज्या आल्यावर आहे. त्यातील प्रथिने तोडणारे विकर (एन्झाइम) दूध गोठवते, आणि ते उकळल्यावर निष्क्रिय होते. त्यामुळे सुंठ वापरा किंवा आले पाकातच उकळून घ्या. दूध स्वतः उकळू नका. ६० ते ६५ अंशांना ते सर्वांत गोड लागते, आणि थर्मामीटर नसेल तर भांड्यावर हात ठेववेनासा झाला की आच बंद करावी.

पाक आधी गरम कॉफीत ढवळावा, दूध नंतर ओतावे. वर फेटलेले क्रीम घालणार असाल तर त्यात साखर अजिबात घालू नका. खालच्या गोडव्याला वरून थोडा फिका थर मिळाला की दुसरा कपही संपतो.